जमीन हलते की मी

कोयनानगरच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला भूकंपाची भीती वाटत नाही, असं आमच्याकडचे सगळे छातीठोकपणे सांगतात. सांगणाऱ्यांच्या चपला मात्र दाराशी, तोंड बाहेर करून ठेवलेल्या असतात. माझे वडील प्रकल्पावर नोकरीला होते आणि आमचं घर वसाहतीतल्या बैठ्या चाळीत होतं. फडताळातले स्टीलचे पेले किणकिणायला लागले की आई हातातलं असेल ते टाकायची, आधी आम्हा पोरांना ओढत अंगणात न्यायची आणि डोकी मोजायची. तिन्ही आहेत म्हटल्यावर मग स्वतःचा पदर सावरायची. तोवर सगळी चाळ अंगणात जमलेली असायची आणि बाप्यांचे अंदाज सुरू व्हायचे. वडील जमिनीकडे बघत म्हणायचे, "साडेतीनच्या वर न्हाई." कुणी चार म्हणायचं, कुणी चारच्याही वर जायचं, आणि मग चहा. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा छापून येईपर्यंत तो वाद मिटायचा नाही.

एवढं सगळं अंगात मुरवून मी लग्न होऊन सांगलीला आले. इथे जमीन तशी शहाण्यासारखी वागते. कोयनेला जोराचा धक्का बसला तर इथे कधीतरी एखादी खुर्ची हलल्यासारखी वाटते, तीही सगळ्यांना नाही. मला मात्र कळायचं. नवरा हळदीच्या अडतीत दिवाणजी, स्वभावाने थंड. तो म्हणायचा, तुला काय, पायांना कान आहेत. मी ते कौतुक म्हणून घेतलं आणि तीस वर्षं मिरवलं.

त्या कौतुकाची पुरती शोभा झाली ती दोन वर्षांपूर्वी. लेक सातव्या महिन्यात होती. पुण्याला नोकरी करते, डोहाळजेवणासाठी आठवडाभर आली होती. तिचं आणि माझं आधीच ठरलेलं होतं: बाळंतपण इथे, आणि तिची रजा संपली की मी पुण्याला जायचं, बाळ मी सांभाळायचं. मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकांना मी चार महिने आधीच सांगून ठेवलं होतं की दिवाळीनंतरचं काही घेणार नाही, आता मी आजी होणार आहे. एका गिऱ्हाइकाने हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर कपाळाला हात लावला होता.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. लेक आतल्या खोलीत झोपली होती आणि मी मशीनवर बाही जोडत होते. अचानक पायाखालची फरशी थरथरली. कानात गरगरलं, मशीन सरकल्यासारखं झालं, छातीत धडधडायला लागलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी दुसऱ्या मजल्यावरून जिने उतरत होते आणि ओरडत होते, "भूकंप! खाली या, खाली या!"

आमची इमारत बारा घरांची. बाराच्या बारा घरांतली माणसं खाली आली. कणकेचे हात तसेच घेऊन बायका आल्या. निवृत्त हेडमास्तर बनियनवर आले. तळमजल्यावरच्या आजोबांना त्यांच्या मुलाने आणि नातवाने खुर्चीसकट उचलून आणलं. सगळे रस्त्यावर उभे राहिले आणि एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच काही जाणवलं नव्हतं. कुणीतरी मोबाइलवर बघितलं, कुणी कराडच्या पाहुण्याला फोन लावला. कुठेच काही नव्हतं. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

आणि तेव्हा जिन्यावरून माझी लेक उतरताना दिसली. एक हात कठड्यावर, एक पोटावर, एकेक पायरी बघत. सगळ्यात शेवटी. तिने पायात चपला घातल्या होत्या आणि कठड्यावरच्याच हातात माझ्या चपला होत्या. त्या तिने माझ्यासमोर ठेवल्या.

माझी आई पोरांची डोकी मोजल्याशिवाय पदर सावरत नव्हती. मी पोटुशी लेक आत झोपलेली ठेवून एकटी रस्त्यावर आले होते. इमारतीतले लोक पुढे महिनाभर हसले, त्याचं मला काही वाटलं नाही. लोकांचं तोंड कुणी धरावं. पण लेक हसली नाही. त्यानंतर तिने पुण्याचा विषय काढला नाही, आणि मी काढला तर ती दुसरंच काहीतरी बोलायची. दोन आठवड्यांनी फोनवर सहज सांगावं तसं तिने सांगितलं की त्यांच्या सोसायटीजवळ एक पाळणाघर आहे, चांगलं वाटतंय. मी म्हटलं, बरं. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या महिन्यात मला तसंच आणखी दोनदा झालं. एकदा बँकेच्या रांगेत, एकदा भाजी मंडईत. दोन्ही वेळा मी बाहेर पळाले आणि दोन्ही वेळा जमीन जागच्या जागी होती. मंडईत तर वांग्यांची पिशवी तिथेच राहिली. नवऱ्याने मग माझं काही ऐकलं नाही, मला मिरजेला नेलं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा. छातीची पट्टी काढली, रक्त काढलं, छातीची सोनोग्राफी झाली, साखर, थायरॉइड, सगळं. डॉक्टरांनी सगळे कागद बघून सांगितलं की हृदय ठणठणीत आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. म्हणजे मी नाटक करते का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. आई गेल्याला किती दिवस झाले, पाळी कधी गेली, झोप किती लागते, असं बरंच विचारत राहिले. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. पाळीचा तर पत्ताच नव्हता. झोपेचं विचारू नका. मग त्यांनी समजावलं की हे होतं ते अगदी खरं होतं, फक्त ते जमिनीत नसून माझ्या अंगात होतं. शरीराला धोका आहे असं वाटतं, श्वास उथळ आणि भराभर सुरू होतो, आणि त्या भराभर श्वासानेच मुंग्या येतात, गरगरतं, पाय लटपटतात. गोळी लागली तर देऊ, पण आधी श्वासाचं शिकून घ्या, म्हणाले, आणि मला खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं.

तिथली मुलगी पंचविशी-सव्विशीची, जतकडच्या मेंढपाळाच्या घरातली. शिकून आली होती पण बोलणं गावचंच ठेवलं होतं, निदान आमच्यासारख्यांशी. तिने मला पलंगावर उताणं झोपवलं, माझा एक हात छातीवर ठेवला, एक पोटावर, आणि काही न सांगता नुसती बघत राहिली. मला अवघडल्यासारखं झालं. माझा छातीवरचा हात वरखाली होत होता आणि पोटावरचा पाटावर ठेवल्यासारखा गप्प होता.

"आवं काकू," ती म्हणाली, "तुमचा श्वास गळ्यातनंच माघारी फिरतोय की. पोटापतुर जाऊच देत न्हाई तुमी त्याला."

मी मोठा श्वास घेऊन दाखवला. तिने मान हलवली. घ्यायची घाई करू नका, म्हणाली, फक्त सोडा. चहावर फुंकर घालतो तसा, हळू, सगळा. सोडला की यायचा तो आपोआप येतो, त्याला बोलवावं लागत नाही. मग तिने तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली. मेंढरं घेऊन घाट चढताना पोरं धापा टाकायला लागली की तिचे आजोबा म्हणायचे, दम घेत चढू नका, दम सोडत चढा. कॉलेजात चार वर्षं जे शिकले त्यातलं निम्मं आजोबांनी आधीच सांगितलेलं निघालं, असं ती म्हणाली आणि हसली.

मला ते फार सोपं वाटलं. एवढ्यासाठी मिरजेपर्यंत आले, असंही वाटलं. आणि मग मी माझ्या स्वभावाला शोभेल असा शहाणपणा केला. नुसतं सोडून काय होणार, म्हणून मोबाइलवर बघून पहाटे गच्चीवर जोरजोरात श्वास घ्यायला सुरुवात केली. थोडक्यात भागेल ते आमच्या घराण्यात कुणाला पटत नाही. तिसऱ्या दिवशी बोटं वाकडी झाली, ओठ बधिर झाले आणि मी गच्चीवरून थेट रस्त्यावर. या वेळी निदान ओरडले नाही. दूधवाला तेवढा चमकला.

त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळावर आठ्या घातल्या. "लय शाण्या हाय तुमी काकू. घसरतंय तिथंच पळाय गेलासा." मग तिने बजावलं की जोराचा श्वास ज्यांना झेपतो त्यांनी घ्यावा, तुम्हाला सध्या तो वर्ज्य. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, झोपून, पोटावर वाटी ठेवून. वाटी वर गेली पाहिजे, खाली आली पाहिजे, आणि खाली यायला जास्त वेळ लागला पाहिजे. तेवढंच.

आता पोटावर आमटीची वाटी ठेवून पडलेली बायको बघितल्यावर कुठला नवरा गप्प बसेल. आमच्याने पहिल्या दिवशी दारातून विचारलं, वाढायला येऊ का. मला हसू आलं आणि वाटी गडगडत कपाटाखाली गेली. पण पाच-सहा दिवसांनी तो विचारेनासा झाला, आणि एका संध्याकाळी बघते तर शेजारच्या सतरंजीवर तो स्वतःच वाटी घेऊन पडलेला. त्याला काही होत नव्हतं. चांगलं वाटतं, एवढंच म्हणाला.

खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मला काही चांगलं वाटलं नाही. कंटाळा यायचा. वाटीकडे बघता बघता डोक्यात कुणाचा गळा किती मोठा ठेवायचा याचे हिशेब चालायचे. त्या मुलीने सांगितलं होतं की दिवसात आणखी कधी कधी श्वास अडकतो ते बघा. मी म्हटलं होतं, कधीच नाही. आणि मग एके दिवशी एका नववधूचं जरीचं कापड कापताना मी स्वतःलाच पकडलं. कात्री लावली तेव्हा श्वास घेतला होता तो कापड संपेपर्यंत सोडलाच नव्हता. वर ओठांत चार टाचण्या. तीस वर्षं मी असंच कापत आले होते, गुरूने शिकवलं होतं की कापताना हलायचं नाही, आणि मी श्वाससुद्धा हलू दिला नव्हता. दिवसाला सात-आठ ब्लाउज म्हणजे किती वेळ झाला ते तुम्हीच बघा. मान कायम का धरलेली असते, संध्याकाळी डोकं का ठणकतं, याची उत्तरं मी कुठे कुठे शोधली होती.

मग मी श्वास सोडत कापायला शिकले. टाचण्या ओठांतून काढून मशीनवरच्या छोट्या गादीत टोचल्या. पहिल्या दिवशी हात अडखळला, चौथ्या दिवशी नाही. कापड काही वाकडं गेलं नाही. महिन्याभरात मान मोकळी झाली. दीड महिन्यात मी एकदा सलग सहा तास झोपले आणि उठल्यावर घड्याळ बंद पडलंय असं समजून त्याला हलवून बघितलं. रक्तदाब मोजणारे डॉक्टर म्हणाले, बरंय, असंच चालू द्या. मंडईत माझी भांडणं कमी झाली. इतकी की भाजीवालीने काळजीने विचारलं, ताई, बरं न्हाई का तुमास्नी?

थरथर पूर्ण गेली नव्हती. आठवड्यातून एखाद्या वेळी यायची. त्यावर त्या मुलीने तोडगा सांगितला: काहीतरी टांगून ठेवा. ते हललं तर जमीन, ते स्थिर असलं तर तुम्ही. मी आतल्या खोलीत खिडकीच्या गजाला दोऱ्याने मशीनची एक बॉबिन टांगली. थरथर आली की तिच्याकडे बघायचे. ती सरळ लोंबत असायची. मग खुर्चीत बसून, पाय फरशीला टेकवून, श्वास सोडत राहायचं. दहा-बारा वेळा सोडला की फरशी पुन्हा फरशी व्हायची. माझं पळणं थांबलं. पण हे बघायला लेक इथे नव्हती, आणि फोनवर सांगून असल्या गोष्टी कुणाला पटतात.

बाळंतपणाला मात्र ती आली. मिरजेतच झालं, नातू झाला, पाचव्या दिवशी आम्ही दोघांना घरी घेऊन आलो. बाळ म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून पायाच्या नखापर्यंत माझ्या वडिलांसारखं, फक्त मिशी नाही. मी ते दिवसभर बघत बसले असते. पण चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी बाळाजवळ कधीच एकटी नसते. लेक अंघोळीला निघाली की शेजारच्या भाभींना हाक मारायची. भाभी, जरा येता का, बसा हो बाळापाशी. मी तिथेच, समोर, हात धुऊन बसलेली. भाभी भल्या बाई, त्यांना काही कळलं नाही, त्या येऊन बाळाशी हिंदी-मराठी काहीही बोलत बसायच्या. लेकीला अंघोळीला अर्धा अर्धा तास लागायचा. मला वाटायचं, बाळंतीण आहे, अंग शेकून घेत असेल. आणि मी भाभींच्या शेजारी पाहुण्यासारखी बसून असायचे.

हे लागलं मला. फार लागलं. नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, जरा दम धर. घरात सगळे मला दमच शिकवायला निघाले होते. लेकीला विचारायचं धाडस मात्र झालं नाही, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत होतं आणि त्यात ती खोटी नव्हती. पुण्याच्या पाळणाघराचा फॉर्म तिच्या मोबाइलमध्ये आलेला मी बघितला होता. माझे गिऱ्हाइकांना दिलेले नकार तसेच होते, मशीनवर कापड नव्हतं, आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन पडत होते, कशासाठी ते माझं मलाच कळेनासं झालं होतं.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हाची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. नवरा अडतीत गेला होता. लेक अंघोळीला गेली, भाभी नेहमीप्रमाणे आल्या. जरा वेळाने त्यांच्या घरात कुकरची शिट्टी होऊ लागली तशा त्या उठल्या, गॅस बंद करून येते म्हणाल्या, आणि जाता जाता बाळाला माझ्या खांद्यावर देऊन गेल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा मी आणि तो, दोघंच. मी सोफ्यावर मागे टेकून बसले. त्याचं पोट माझ्या छातीवर वरखाली होत होतं. पोटाने श्वास घ्यायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला पन्नाशीत मिरजेला जाऊन शिकावं लागलं होतं, हे मनात आलं आणि हसूही आलं.

आणि नेमकी तेव्हाच थरथर आली.

पायाखालून आली, सोफ्यातून पाठीत चढली. मला आतून थंडगार वाटलं. आत्ताच का, असं वाटलं, सगळे दिवस सोडून आत्ता, हा हातात असताना? बॉबिन आतल्या खोलीत, आणि बाळ खांद्यावर झोपलेलं, उठून बघणार कशी. हॉलमधलं कॅलेंडर हलत होतं, पण पंखा चालू असला की ते हलतंच. छाती धडधडायला लागली. पाय उठायला बघत होते, ती दाराकडची ओढ मला पुरती ओळखीची होती. मी दोन्ही तळवे फरशीला दाबून धरले. एक हात बाळाच्या मानेमागे, एक पाठीवर. आणि श्वास सोडला. हळू, सगळा. आला तो येऊ दिला, पुन्हा सोडला. किती वेळा ते मोजलं नाही. बाळाच्या टाळूवरचे केस माझ्या फुंकरीने हलत होते. कधीतरी थरथर थांबली. छातीतली धडधड जरा वेळाने थांबली. मी उठले नव्हते, ओरडले नव्हते, हात सैल पडले नव्हते. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी वाईटही वाटलं, कारण हे बघायला कुणीच नव्हतं.

खालून गलका ऐकू आला. बरीच माणसं एकदम बोलत होती. भाभींचा आवाज मला ओळखू आला, त्या आमच्या खिडकीकडे बघून हाका मारत होत्या. तेवढ्यात सोफ्यावरचा फोन वाजला. नवरा होता. एरवी शांत असणारा माणूस एका दमात विचारत होता, तुम्ही खाली आलात ना, बाळ कुठे आहे, इथे अडतीतले सगळे बाहेर आलेत, चांगला जाणवला. मी विचारलं, काय जाणवला?

फोन ठेवला तेव्हा न्हाणीघराचं दार उघडलं. लेक बाहेर आली, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला, गाऊन उलटा घातलेला. चेहरा पांढराफटक. तिने आधी बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हॉलमध्ये भाभी नाहीत हे बघितलं.

मी म्हटलं, "भूकंप झाला म्हणे. खरा. सगळे खाली गेलेत."

"मग तू इथे का बसलीस?"

आता खोटं काय बोलणार. मी म्हटलं, "मला वाटलं, माझंच आहे. म्हणून श्वास सोडत बसले."

आता ती चिडेल, असं मला वाटलं. चिडायला जागा होती. खरी जमीन हलली तेव्हा मी बाळाला घेऊन दुसऱ्या मजल्यावर सोफ्यावर बसून होते. कोयनेत माझ्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. पण ती चिडली नाही. ती माझ्या शेजारी बसली आणि तिने दोन्ही हात मांडीत घेतले.

"मलाही वाटलं, माझंच आहे," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. बाळ झाल्यावर दुसऱ्या आठवड्यातच सुरू झालं होतं. छातीत धडधड, हात बधिर, खोली फिरते. बहुतेक सकाळी. ते यायला लागलं की ती न्हाणीघरात जायची, नळ सोडून ठेवायची आणि स्टुलावर बसून नळाचा पाइप धरून राहायची, थांबेपर्यंत. आजही तेच केलं. पाइप हलतोय असं तिला दिसलंसुद्धा, आणि तिला वाटलं की आता आपलं डोकंच गेलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बाळ आपल्याकडे ठेवणार नाहीत अशी भीती.

मी म्हटलं, "मग रोज भाभींना माझ्यामुळे नव्हतीस बोलवत?"

"तुझ्यामुळेही," ती म्हणाली. लेक माझीच आहे, तोंडदेखलं बोलत नाही. "आणि माझ्यामुळेही. मला सारखं वाटायचं, दोघींना एकदम झालं तर बाळाकडे बघणार कोण?"

खाली भाभी पुन्हा हाका मारत होत्या. बाळाने झोपेतच जांभई दिली आणि तोंड माझ्या गळ्याशी वळवलं. मी एका हाताने लेकीचा हात घेतला, बर्फासारखा गार होता, आणि तो तिच्याच पोटावर ठेवला.

"आत्ता दोघींना एकदमच झालं की," मी म्हटलं. "आणि वर जमीनपण हलली. हा बघ, झोपलाय."

तिने बाळाकडे बघितलं. मग तिने टॉवेलने डोळे पुसले आणि विचारलं, आधी घ्यायचा का सोडायचा? मी म्हटलं, सोड, घ्यायची घाई नाही. तिने सोडला. नंतर उठून गाऊन सुलटा केला, पायात चपला घातल्या आणि दार उघडून माझ्याकडे वळून म्हणाली, चल, खाली जाऊ, तू घे त्याला, मला कठडा धरावा लागेल.